भाच्याची मस्टँग आणि माझी वही

दुबई, शारजा, दोहा, कुवेत इकडे कामाला गेलेल्या आपल्या मुलांचे फोन कधी हातात घेऊन बघा. आईवडिलांचे, गावच्या घराचे, धाकट्या बहिणीच्या निकालाचे फोटो असतातच. पण त्यांच्यामध्ये कुठेतरी एक लांब नाकाची, दोन दारांची गाडी उभी असते. ती त्यांची नसते. कुठल्याशा मॉलच्या पार्किंगमध्ये ती दिसली, म्हणून आपला मुलगा तिला न टेकता, जरा अंतर राखून बाजूला उभा राहिलेला असतो. कोकणातल्या किती घरांत हा फोटो असेल कोण जाणे.

माझ्या बहिणीच्या मुलाकडे असा फोटो तीन वर्षांपासून आहे. यंदा त्याने तो मला पुन्हा पाठवला आणि खाली लिहिलं, "खाला, सेकंड हँड परवडेल का? नीट हिशेब करून सांग. अम्मीला अजून बोललो नाही." मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरातला प्रत्येक हिशेब शेवटी माझ्याच वहीत येतो. भाचा आठ वर्षं शारजात राहतो आणि जेबेल अलीला एका गोदामात सुपरवायझर आहे. गावी घराची कौलं उतरवून स्लॅब टाकायचा आहे. बहीण फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिची फी हाच भरतो. मुलगा उधळ्या नाही. आठ वर्षांत त्याने स्वतःसाठी म्हणून काही मोठं घेतलेलं मला आठवत नाही. म्हणून त्याला सरळ "नको" म्हणून टाकणं मला पटलं नाही. हिशेब मागितलाय, तर हिशेब द्यायला हवा. तोच इथे मांडते, कारण हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही.

गाडी कोणती, तर फोर्ड कंपनीची मस्टँग. ही गाडी १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात पहिल्यांदा लोकांपुढे आली आणि दोन वर्षांच्या आत दहा लाखांच्या वर तयार झाली. जाणकार तिला अस्सल स्पोर्ट्स कार म्हणत नाहीत. मागे नावापुरत्या दोन सीट असलेल्या अशा गाड्यांना अमेरिकेत 'पोनी कार' म्हणतात, आणि ते नावच मुळी मस्टँगवरून पडलं. आपल्या मुलांना त्या बारकाव्याशी देणंघेणं नाही. खाली बसून चालवायची, जोरात पळणारी आणि पळताना गुरगुरणारी गाडी ती स्पोर्ट्स कार. मीही इथे तसंच म्हणते.

भाच्याच्या बजेटमध्ये बसत होती ती २०१५ ते २०१७ सालातली मस्टँग. पहिली गोष्ट ही की 'मस्टँग' ही एक गाडी नसून तीन आहेत. एकाच आकाराच्या पत्र्याखाली त्या काळात तीन वेगवेगळी इंजिनं मिळत होती. एक ३.७ लिटरचं सहा सिलिंडरचं, सुमारे ३०० हॉर्सपॉवरचं. दुसरं अवघं २.३ लिटरचं चार सिलिंडरचं, पण टर्बो बसवलेलं, ३१० हॉर्सपॉवरचं. त्याला 'इकोबूस्ट' म्हणतात. आणि तिसरं ५ लिटरचं, आठ सिलिंडरचं, ४३५ हॉर्सपॉवरचं, म्हणजे 'जीटी'. रस्त्यावरून जाताना मान वळायला लावणारा आवाज या तिसऱ्याचा. भाच्याला अर्थात तीच हवी होती.

आता ॲव्हरेज. अमेरिकेत सरकारी पर्यावरण संस्था प्रत्येक गाडीची चाचणी घेऊन शहरातलं, हायवेवरचं आणि दोन्ही मिळूनचं असे तीन आकडे जाहीर करते. ऑटोमॅटिक गिअरच्या मस्टँगचे २०१५ सालचे मिळूनचे आकडे असे: इकोबूस्ट २५, सहा सिलिंडर २२ आणि जीटी १९. हे मैल प्रति गॅलन आहेत, आणि इथेच आपली मुलं फसतात. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. इंग्लंडमधला कुणी व्हिडिओत सांगत असेल की माझी मस्टँग २५ देते, तर ते लिटरला पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास झालं. तोच २५ चा आकडा अमेरिकन माणूस सांगत असेल तर लिटरला साडेदहाच्या थोडं वर. व्हिडिओ बघताना आधी बोलणारा कुठला आहे ते बघावं. आपल्या भाषेत मांडायचं तर इकोबूस्ट लिटरला साधारण साडेदहा, सहा सिलिंडर सव्वानऊ आणि जीटी आठ किलोमीटर. तुलनेसाठी त्याच सालातली १.८ लिटरची टोयोटा कोरोला घेतली. त्याच चाचणीत ती ३२ मैल देते, म्हणजे लिटरला साडेतेरा.

भाचा म्हणाला, "म्हणजे खाला, फरक फक्त साडेपाच किलोमीटरचाच?" आठवीचा वर्ग मला इथे आठवला. लिटरला किती किलोमीटर, हा आकडा कानाला गोड लागतो, पण खर्च मोजायला तो उलटा आहे. पैसे आपण किलोमीटरचे देत नाही, लिटरचे देतो. वर्षाला २०,००० किलोमीटर गाडी चालते असं धरा. १६ च्या ॲव्हरेजची गाडी १८ वर नेली तर वर्षाला १३९ लिटर वाचतात. तीच दोनची सुधारणा ८ वरून १० वर केली तर वाचतात ५०० लिटर. दोन म्हणजे दोनच, पण खालच्या पायरीवरचे दोन भारी पडतात. म्हणून गाडी जितकी पेट्रोलखाऊ, तितका तिच्या ॲव्हरेजमधला एकेक किलोमीटर महाग.

भाच्याचं जाणं-येणं रोजचं १०० किलोमीटर. महिन्याचे बावीस दिवस आणि सुट्टीची थोडी भटकंती धरली, तर महिन्याला २,५००, वर्षाला ३०,००० किलोमीटर. इतक्या अंतराला कोरोला २,२२२ लिटर पेट्रोल घेईल, इकोबूस्ट २,८५७ आणि जीटी ३,७५०.

अमिरातीत पेट्रोलचा भाव दर महिन्याला बदलतो. ऑगस्ट २०१५ पर्यंत सरकारने तो बांधून ठेवला होता; ९५ ऑक्टेनचं पेट्रोल १ दिरहम ७२ फिल्सला मिळायचं. मग भाव जागतिक बाजाराशी जोडला गेला. कोरोनाच्या वर्षात तेच पेट्रोल १.८० वर होतं आणि जुलै २०२२ मध्ये ४.५२ वर गेलं. दोन वर्षांत अडीचपट. तेव्हा हिशेब एकाच भावाने करून भागत नाही. मी मध्यम म्हणून २.७५ धरला. वर्षाचं पेट्रोल कोरोलाला ६,१११ दिरहम, इकोबूस्टला ७,८५७, जीटीला १०,३१२. जीटी आणि कोरोला यांच्यातला फरक वर्षाला ४,२०० दिरहम, महिन्याला ३५०. जुलै २०२२ सारखा भाव आला तर हाच फरक वर्षाला ६,९०० वर जातो.

हा आकडा पाहून भाचा खूश झाला. महिन्याला साडेतीनशे दिरहम तो ओव्हरटाइममध्ये काढू शकतो. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं त्याहून हा फरक कमीच निघाला. पेट्रोल हा शब्द आपल्याकडे इतका भीतीदायक झालाय की आपण सगळा दोष त्याच्याच माथी मारतो. भाच्याच्या रस्त्यावर दुबईत सालिकची टोलगेटं आहेत. २०२५ च्या जानेवारीअखेरीपासून गर्दीच्या वेळी प्रत्येक गेटला ४ ऐवजी ६ दिरहम लागतात. जाताना दोन, येताना दोन गेटं धरली तर महिन्याचे ५२८ दिरहम झाले. मस्टँग असो की कोरोला, सालिक दोघींना सारखंच कापतं. म्हणजे पेट्रोलच्या ज्या फरकाची आपण धास्ती घेतो, त्याहून जास्त पैसे तो आजही गेटाखालून जाताना देतो आणि त्याबद्दल कधी बोलत नाही.

पण चाचणीतला आठचा आकडा शारजाच्या रस्त्यावर टिकतो का? नाही टिकत. जीटीचा शहरातला आकडा १६ मैलांचा आहे, म्हणजे लिटरला पावणेसात. आणि ते शहर म्हणजे चाचणीच्या यंत्रावरचं शहर. शारजातून दुबईकडे सकाळी निघालेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. गाडी उभी, इंजिन चालू, बाहेर पंचेचाळीस अंश आणि एसी पूर्ण. अशा वेळी गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं आणि आठ सिलिंडरचं शून्य चार सिलिंडरच्या शून्यापेक्षा महाग असतं. मोठं इंजिन नुसतं चालू ठेवायलाही जास्त इंधन लागतं.

उलट बाजूही आहे. अबुधाबीच्या मोकळ्या रस्त्यावर १०० च्या वेगाने शांतपणे चालवली तर हीच जीटी १० च्या आसपास देते. लांब नाकाची, बुटकी गाडी असल्यामुळे नव्हे, तर त्या वेगाला तिचं इंजिन अगदी आरामात, कमी फेऱ्यांवर फिरत असतं म्हणून. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० च्या जागी १४० ने गेलात तर वेग १.४ पट, अडथळा जवळजवळ दुप्पट. आणि मस्टँग घेऊन १०० ने जाणारा बावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा मला कुणीतरी दाखवावा. दुबईत मर्यादेच्या वर २० किलोमीटरपर्यंत रडार सोडून देतं. अबुधाबीत ही सवलत ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. दुबईची सवय घेऊन अबुधाबीत शिरलेल्यांना दंडाचा मेसेज येतो. तोही गाडीच्या खर्चातच धरायचा.

टर्बोबद्दल दोन शब्द. इकोबूस्ट हे नाव ऐकून ती काटकसरी असेल असं वाटतं. ती काटकसरी आहे, पण पाय हलका असेल तोवर. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवा आली की तितकं जास्त पेट्रोलही सोडावं लागतं. त्यामुळे हळू चालवलं तर चार सिलिंडरचा खर्च, दाबून चालवलं तर जवळपास सहा सिलिंडरचा. आणखी एक. ३१० हॉर्सपॉवरचा आकडा कंपनीने अमेरिकेतल्या चढ्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर काढलेला आहे. तिथल्या पंपावर ८७ आणि ९३ असे आकडे दिसतात. तिथली मोजण्याची पद्धत वेगळी आहे, म्हणून तिथलं ८७ ते आपलं साधारण ९१. जीटी साध्या पेट्रोलवर चालते, फक्त थोडी ताकद कमी देते. इकोबूस्टला मात्र उन्हाळ्यात अमिरातीतलं ९८ चं 'सुपर' घातलेलं बरं. ९५ आणि ९८ मधला फरक लिटरला अकरा फिल्सच्या आसपास राहत आला आहे. वर्षाला तीनशे दिरहमच्या थोडं वर. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण साध्या कोरोलात ९८ घालून "इंजिन स्वच्छ राहतं" म्हणणारे पुष्कळ भेटतात. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली अवेळी पेटू नये यासाठीची सहनशक्ती. ज्या इंजिनाला ती लागत नाही, त्याला ती पाजून काही मिळत नाही.

आता वहीचं दुसरं पान. इथे भाच्याचा चेहरा उतरत गेला.

इन्शुरन्स. त्याने तीन ठिकाणी विचारलं. फुल इन्शुरन्सचा जो सगळ्यात स्वस्त दर जीटीला मिळाला, तो कोरोलाच्या अडीचपट होता. माणूस तोच, लायसन्स तेच, आठ वर्षांत एक अपघात नाही. पण कंपनी माणसापेक्षा गाडी बघते: दोन दारं, आठ सिलिंडर आणि असली गाडी घेणाऱ्यांचा एकूण इतिहास. पंचविशीच्या आतला मुलगा असता तर दर आणखी चढला असता. वर्षाला ४,००० विरुद्ध १,६००, असे आकडे मी वहीत लिहिले.

टायर. कोरोलाचे टायर अरुंद आणि कडक रबराचे असतात, पुष्कळ टिकतात. मस्टँगचे रुंद, मऊ आणि महाग. सगळी ताकद मागच्या दोन चाकांना जाते, त्यामुळे मागचे टायर आधी झिजतात. ज्या जीटीवर कंपनीचं परफॉर्मन्स पॅकेज आहे तिच्या पुढच्या आणि मागच्या टायरांचा साइजच वेगळा असतो. मग पुढचे मागे, मागचे पुढे अशी अदलाबदल करून आयुष्य वाढवण्याची आपली युक्ती तिथे चालत नाही. वाळवंटातल्या तापलेल्या डांबराची भर वेगळी. अमिरातीत पाच वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही, मग नक्षी कितीही शाबूत दिसो. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा कोरलेला असतो. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन साल. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सेकंड हँड गाडी बघायला गेल्यावर बॉनेट उघडण्याआधी हा आकडा वाचावा. चारही टायर जुने निघाले तर गाडीच्या किमतीतून तेवढे पैसे आधीच वजा धरायचे. सर्व्हिस कंपनीची वर्षाकाठची झीज मी जीटीला २,४०० आणि कोरोलाला ६५० धरली.

ऑइल, ब्रेक, बॅटरी. जीटीच्या इंजिनात साडेसात लिटरच्या वर ऑइल जातं, कोरोलात सव्वाचार. प्लग आठ, तिथे चार. ब्रेकच्या डिस्क मोठ्या, पॅड महाग. आखातातल्या उष्णतेत बॅटरी दोन वर्षं टिकली तरी नशीब, पण ते कुठल्याही गाडीला लागू आहे. जुन्या गाडीचं काहीतरी अचानक निघतंच, म्हणून थोडी रक्कम बाजूला ठेवावी लागते. सगळं मिळून वर्षाला ५,००० विरुद्ध २,०००. हे माझे अंदाज आहेत, भाच्याने ओळखीच्या मिस्त्र्याला विचारून आणलेल्या आकड्यांवर बेतलेले. जाणत्या वाचकाने आपले आकडे घालून बघावेत.

आणि शेवटी गाडीची उतरणारी किंमत. ही कधीच खिशातून जाताना दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही, आणि हीच सगळ्यात मोठी निघते. समजा जीटी ६०,००० दिरहमला घेतली आणि तीन वर्षांनी ३८,००० ला विकली. बावीस हजार गेले. छत्तीस महिन्यांनी भागा: महिन्याला ६११ दिरहम. पेट्रोल न घालता, नुसती दारात उभी ठेवून. कोरोला ३२,००० ला घेऊन २४,००० ला विकली तर महिन्याला २२२.

मग बेरीज केली. जीटीचा कोरोलापेक्षा महिन्याचा जादा खर्च: पेट्रोलचा ३५०, इन्शुरन्सचा २००, टायरचा १४५, सर्व्हिस-दुरुस्तीचा २५०, किंमत उतरण्याचा ३८९. एकूण १,३३४ दिरहम. दिरहमला तेवीस रुपये धरले तरी तीस हजारांच्या वर, दर महिन्याला. त्यातला पेट्रोलचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय घेतानाच २८,००० दिरहम जास्त गुंतवायचे, म्हणजे सव्वासहा लाखांच्या वर रुपये. ही रक्कम वहीत लिहिल्यावर मी पुढे काही बोलले नाही. फोनवर त्यानेच विचारलं, "स्लॅबचं एस्टिमेट किती होतं गं, खाला?"

गाडी कोरोलाच्या जवळपास किमतीत हवी असेल तर एक वाट दिसते, आणि बहुतेक मुलं तिकडेच वळतात: 'अमेरिकन स्पेक'. अमेरिकेत अपघात झालेल्या, पुरात बुडालेल्या, इन्शुरन्स कंपनीने बाद ठरवलेल्या गाड्या तिथल्या लिलावात निघतात, जहाजाने शारजा-अजमानला येतात, तिथल्या गॅरेजांत दुरुस्त होतात आणि चकचकीत होऊन विकल्या जातात. सगळ्याच वाईट नसतात. कुशल मिस्त्री तिथे आहेत, त्यांत आपल्याकडचेही आहेत. पण एअरबॅग खरी बसवली आहे की नुसतं झाकण, हे वरून कळत नाही. आखातासाठी बनलेल्या, म्हणजे 'जीसीसी स्पेक' गाडीत थंड ठेवण्याची व्यवस्था इथल्या उन्हासाठी केलेली असते, ती यांच्यात नसते. बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या अशा गाडीला फुल इन्शुरन्स देत नाहीत. आणि विकायला गेलात की पुढचा माणूस हीच सगळी कारणं तुम्हाला ऐकवून भाव पाडतो.

ओळखायचं कसं? मस्टँग कुठल्याही देशात विकलेली असो, त्या काळात बनत होती अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात. त्यामुळे चॅसिस नंबर '१' ने सुरू होतो म्हणून ती अमेरिकन स्पेक, असं म्हणता येत नाही. पण तोच नंबर 'कारफॅक्स'वर टाकून पाहिला आणि तिथे तिचा अमेरिकेतला इतिहास निघाला, तर उत्तर मिळालं. थोडे डॉलर लागतात, ते द्यावेत. दुसरी खूण मीटरची. अमेरिकेतल्या गाडीच्या स्पीडोमीटरवर मोठे आकडे मैलांचे असतात आणि किलोमीटरचे आतल्या बाजूला बारीक. जाहिरातीत नुसतं "८०,००० चालली" असं लिहिलेलं असेल तर विचारावं, ८०,००० काय? मैल असतील तर ते जवळपास १,२९,००० किलोमीटर झाले.

बँकेच्या हप्त्यांचा विचार भाच्याने केला नाही. माझ्या बहिणीने गाडीचं कळताच पहिला प्रश्न तोच केला असता, व्याजावर तर घेत नाहीस ना. ज्यांना मुराबहाच्या मार्गाने घ्यायची आहे त्यांच्यासाठी सांगते: तिथे बँक गाडी स्वतः विकत घेऊन ठरलेल्या नफ्यावर तुम्हाला विकते, म्हणून आधी विचारायचं ते टक्के नव्हे, एकूण किती दिरहम द्यायचे ते. "तीन टक्के फ्लॅट" हे शब्द फसवे असतात. ४८,००० वर चार वर्षांचे तीन टक्क्यांनी ५,७६० होतात, हप्ता १,१२०. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि आकारणी मात्र पूर्ण मुद्दलावर. उरलेल्या रकमेवर मोजलं तर तो दर साडेपाच टक्क्यांच्या वर जातो. अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेच्या नियमाने गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं आणि ते जास्तीत जास्त ६० महिन्यांत फेडावं लागतं. नियम मुलांच्या भल्याचाच आहे.

"पुढे गावी आणीन" हा विचारही काहीजण बोलून दाखवतात. येणार नाही. परदेशातली वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी लागते आणि स्टीअरिंग उजवीकडे असावं लागतं. आखातातल्या गाड्या डाव्या स्टीअरिंगच्या. आणि नियम नसता तरी आपल्याकडे ती पोसणं काय असतं ते बघा. मस्टँग जीटी भारतात २०१६ मध्ये अधिकृतपणे विकायला आली, तेव्हा शोरूमची किंमत ६५ लाख होती. आता मुंबई-पुण्यात वापरलेल्या दिसतात. टाकी साठ लिटरची. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं तर टाकी फुल करायला ६,२४० रुपये. आपल्या रस्त्यांवर सहाचं ॲव्हरेज मिळालं तर त्या टाकीत ३६० किलोमीटर. मुंबईहून रत्नागिरीला जेमतेम पोचेल, घाटात ट्रकच्या मागे अडकली तर तेही नाही. गावच्या स्पीडब्रेकरवर पोट घासेल ते वेगळंच. त्यात फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. अमिरातीत जी गाडी जरा महागडा शौक आहे, ती इथे पूर्ण पगार खाईल. गाडी तीच, पेट्रोलही तेच, देश बदलला की हिशेब बदलतो. म्हणून तिकडच्या मुलाला इकडच्या भावाने रागावणंही बरोबर नाही.

मागच्या सीटचं राहिलंच. त्या दोन सीट लहान मुलांपुरत्या आहेत, आणि तिथे जायला पुढची सीट वाकवून आत सरकावं लागतं. बहीण आणि तिचे मालक दरवर्षी दोन महिने मुलाकडे जातात. तिचे गुडघे दुखतात. मी वहीत याला आकडा लावलेला नाही.

एवढं सगळं ऐकून भाच्याने जीटीचा नाद सोडला, मस्टँगचा नाही. आवाजाशिवाय का होईना, इकोबूस्ट घेईन म्हणतो. माझ्या हिशेबाने तिचा जादा खर्च जीटीच्या निम्म्याच्या आसपास येतो, आणि आठ वर्षं राबलेल्या मुलाने तेवढं स्वतःवर केलं तर मी तरी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. स्लॅब पुढच्या वर्षी, आधी बहिणीची शेवटच्या वर्षापर्यंतची फी बाजूला काढून ठेवायची, आणि उरलेल्यात बसली तर गाडी, असं आमचं ठरलं आहे. अम्मीला तो स्वतः सांगणार आहे. मी मध्ये पडणार नाही.

गेल्या आठवड्यात त्याने एक जाहिरात पाठवली. इकोबूस्ट, २०१६, लाल रंग, एकच मालक, "जीसीसी", मीटर ९२,०००. किंमत जरा जास्तच चांगली होती. मी म्हटलं, डॅशबोर्डचा जवळून काढलेला फोटो मागव. तो काल रात्री आला. मोठे आकडे मैलांचे आहेत.